मोझरीची वाट आणि खंजिरीचा हात

कोजागरी झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला उसंत नसते. सोयाबीन काढणीला आलेले असते आणि चार दिवस उशीर झाला तर शेंगा तडकून दाणे मातीत जातात. कपाशीची बोंडे फुटू लागतात, पहिल्या वेच्याची तयारी करायची असते. मजूर मिळत नाहीत, थ्रेशरवाला आज येतो, उद्या येतो म्हणत झुलवतो आणि परतीच्या पावसाचा नेम नसतो. नेमके याच आठवड्यात गावोगावच्या भजनी मंडळांच्या दारात पिकअप उभी राहते आणि तिच्यात पेटी, तबला, झांजा आणि खंजिऱ्या चढतात. आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते आणि तिथे गेल्याशिवाय या माणसांना चैन पडत नाही.

जाणारे श्रद्धेने जातात, हे तर आहेच. पण त्या गर्दीत आणखी एक ओढ असते आणि तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ती गाण्याची ओढ आहे. यंदा कोणत्या गावचे मंडळ येणार, कोण बुवा कोणते भजन उचलणार, मागल्या खेपेला ज्याने मध्यरात्रीनंतर सगळा मंडप जागा ठेवला तो पुन्हा बसणार का, याची चर्चा पोळ्यापासून पारावर चालू असते. शहरातली तरुण मुले आवडता बँड प्रत्यक्ष ऐकायला रात्रभर गाडी चालवत जातात, त्यांच्या त्या वेडाचे कौतुकही होते. वऱ्हाडातल्या खेड्यात तेच वेड खंजिरी भजनाच्या मंडळापायी आहे. इथला ऐकणारा बहुधा स्वतःच गाणारा किंवा वाजवणारा असतो. तो कान घेऊन जातो आणि हात शिकून परततो. गुरुकुल नाही, पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, तरीही ही कला गावोगाव उभी आहे, ती या जाण्या-येण्यावर. हे जाणे-येणे थांबले तर खंजिरी थांबेल, असे मला वाटते. म्हणून या वाटेची हकीकत सांगायची आहे.

एका कड्यातला वाद्यवृंद

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी झाला. घरची गरिबी, शाळा तिसरीपर्यंतच. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. रानावनात, देवळात, पारावर भजन म्हणत फिरणाऱ्या या तरुणाच्या हाती जे वाद्य होते ते महागडे नव्हते आणि उचलून नेता येत नाही असेही नव्हते. लाकडाचे एक कडे, त्याच्या एका अंगाला ताणून बसवलेले कातडे, कड्यात खाचा करून बसवलेल्या पितळी चकत्या. ताल आणि झणकार दोन्ही एकाच हातात. साथीला कोणी नसले तरी एकटा माणूस चौकात उभा राहून गाव गोळा करू शकतो, ही खंजिरीची खरी ताकद आहे.

महाराजांनी ती ताकद पुरती ओळखली. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी भजने रचली, आणि त्या भजनांतून स्वच्छता, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण, श्रमदान, गावाची एकी हे विषय देवाच्या नावाइतक्याच सहजतेने आले. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर पेटले, तेव्हा या भागात महाराजांच्या भजनांनी लोकांची मने आधीच तयार केलेली होती. इंग्रज सरकारने त्याच महिन्यात त्यांना चंद्रपूरला अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. गाणाऱ्या माणसाला सरकार घाबरले, ही गोष्ट विदर्भातली म्हातारी माणसे अजून अभिमानाने सांगतात.

पुढे १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला महाराज गेले, तेव्हाही खंजिरी बरोबर होती. चीन आणि पाकिस्तानच्या युद्धांच्या काळात जवानांसमोर ते भजन म्हणायला सीमेवर गेले. राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. पण या मोठ्या नोंदींपेक्षा मला दुसरी एक गोष्ट मोलाची वाटते. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या रूपाने त्यांनी गावागावात जी शाखा काढली, तिच्याबरोबर प्रत्येक गावाला स्वतःचा एक वाद्यवृंद मिळाला. पेटी एक, तबला किंवा ढोलक, झांजा, चार-सहा खंजिऱ्या, आणि मागे उभे राहणारे सगळे गाव. एका ओळीत बसायचे, पांढरे कपडे, डोक्यावर भगवी टोपी, कोणत्याही जातीचा माणूस कोणत्याही जागी. ज्या काळात एका विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्या काळात एका सतरंजीवर बसून एका तालात वाजवणे, ही फार मोठी गोष्ट होती.

पिकअपमधले मंडळ

मी ज्या मंडळाबरोबर गेलो ते बाभुळगाव तालुक्यातल्या एका लहान गावचे. मुख्य गायक कोरडवाहू शेतकरी. पेटीवर गावातले शिंपी, तबल्यावर ग्रामपंचायतीचे शिपाई, खंजिरीवर सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आणि त्यांच्या शेजारी आयटीआय झालेला, कामाच्या शोधात असलेला एक मुलगा. महिलांचे मंडळ वेगळे, त्यांची गाडी मागून येणार होती. डिझेलची वर्गणी आधीच गोळा झालेली. शिदोरीत पोळ्या, तिखट बेसन, कांदे आणि मिरचीचा ठेचा.

निघताना शेजारच्या धुऱ्यावरून एकाने हाक मारली, "सोयाबीन उभं सोडून कायले चाल्ला बाप्पा?"

खंजिरीवाले आजोबा फाळक्याला धरून चढत होते. तिथूनच म्हणाले, "सोयाबीन दरसाल येते. पण थो वर्ध्याकडचा बुवा इतक्या जवळून दरसाल आयकाले भेटत नाई."

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावचे मंडळ हे या सगळ्यांचे आवडते मंडळ. त्याची भजने प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. आयटीआयवाला मुलगा तर त्यातले एकेक भजन थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून ऐकतो. तरीही सगळी गाडी त्याच मंडळासाठी निघाली होती. मी कारण विचारले तेव्हा आजोबांनी आपला डावा हात वर करून दाखवला. "मोबाइलमंदी आवाज येते भाऊ. हात येत नाई."

रस्ता ओळखीचा. बाभुळगाव सोडले की धामणगाव रेल्वे. यवतमाळकरांचे मुंबई-हावड्याच्या गाडीचे जवळचे स्टेशन हेच. पुण्या-मुंबईला शिकायला, नोकरीला गेलेली जिल्ह्यातली किती पोरे या फलाटावरून गेली असतील! तिथे चहा झाला. मग अंजनसिंगी, मग कुऱ्हा. कुऱ्ह्याजवळ कौंडण्यपूरची पाटी दिसली की बायका हात जोडतात, कारण ते रुक्मिणीचे माहेर. तिथून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. पुढे तिवसा, आणि नागपूर-अमरावती महामार्गाला लागले की थोड्या अंतरावर मोझरी. सगळे मिळून पाऊणशे किलोमीटर. दोन्ही अंगांना पिवळे पडलेले सोयाबीन, मध्ये तुरीचे हिरवे तास, आणि जिथे काढणी झाली तिथे काळ्या मातीवर कुटाराचे ढीग.

गाडीत पेटी उघडायला जागा नव्हती. पण गाणे थांबले नाही. एकाने पिकअपच्या पत्र्यावर ठेका धरला, दुसऱ्याने टाळी दिली आणि भजनामागून भजन सुरू झाले. मध्येच वाद झाला. ध्रुपदानंतर वर्ध्याचे मंडळ एक मात्रा गप्प राहते की दोन? तबलजी म्हणे एक, मुलगा म्हणे दोन, आणि मोबाइलवर तेच भजन लावूनही निकाल लागेना, कारण त्या गप्प राहण्यात झांजेची आस मिसळलेली होती. शेवटी आजोबांनी वाद मिटवला. रात्री समोर बसून पाहू, म्हणाले.

एकाच मोसमातल्या वाटा

गाण्यासाठी गाडी करून निघणे या जिल्ह्याला नवे नाही. यवतमाळच्या लोकांच्या अशा अनेक वाटा आहेत आणि त्यातल्या काही याच मोसमात चालू असतात. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीकडे गाड्या जातात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणीने निघालेल्या त्या गाड्यांत भीमगीते असतात, वामनदादा कर्डकांची गाणी असतात, आणि दीक्षाभूमीच्या परिसरात रात्र जागवणाऱ्या गायनपार्ट्या ऐकण्याची ओढही असते. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांमधून रामनवमीला पोहरादेवीला जाणारी बंजारा मंडळी सेवालाल महाराजांची भजने म्हणत जातात. होळीला त्यांची लेंगी गाणी रंगतात. केळापूर, झरी, मारेगावकडे कोलाम आणि गोंड पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दिवाळीत नाच-गाण्याची दंडार उभी राहते आणि एका पोडाची दंडार दुसऱ्या पोडावर पाहुणी जाते.

या सगळ्या परंपरा वेगळ्या, त्यांचे देव आणि महापुरुष वेगळे, दुःखेही वेगळी. पण एक रीत सारखी आहे. आपल्या गावचे गाणे दुसऱ्या गावाला ऐकवायचे आणि दुसऱ्या गावचे ऐकून आपले सुधारायचे. जिल्ह्याला मोठे नाट्यगृह नसेल, संगीताची मोठी संस्था नसेल, पण ही देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्या झाली आहे. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा बाहेरून आलेल्यांना हा जिल्हा प्रामुख्याने कापसाचा आणि शेतकरी आत्महत्यांचा म्हणून ठाऊक होता. तो गाणाऱ्यांचाही जिल्हा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे

मोझरीला पोचलो तेव्हा महामार्गाच्या कडेने दिंड्या चालत होत्या. विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून माणसे येतात. कोणी पायी, कोणी एसटीने, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. आठवडाभर इथे पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, दिवसा ग्रामगीतेवर प्रवचने, आणि रात्री भजने. ४१ अध्यायांची ग्रामगीता महाराजांनी गावाला अर्पण केली. आश्रमातल्या अधिष्ठानावर मूर्ती नाही. प्रार्थनेच्या वेळी समोर कोणाही एकाचा देव नसतो, म्हणून तिथे कोणालाही बसता येते.

महाराज गेले ते ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली होते. लाखांच्या घरात माणसे असतात. आधी प्रार्थनेचे स्वर, मग घंटा, आणि मग त्या अफाट मैदानातला प्रत्येक माणूस जिथे असेल तिथे उभा राहतो. फुगेवाला, पोलीस, कडेवर लेकरू घेतलेली बाई, कढईजवळचा जिलबीवाला, सगळे. महामार्गावरची वाहनेही थांबतात. त्यानंतर सर्व धर्मांच्या प्रार्थना एकामागून एक होतात, आणि समुदाय त्या तितक्याच आदराने ऐकतो. आजच्या दिवसांत एका मैदानात इतक्या माणसांनी हे शांतपणे ऐकावे, याचे मोल मला शब्दांत मांडता येत नाही. आमच्या गाडीतले सगळे रांगेत उभे होते. मुलाने खंजिरी छातीशी धरली होती, एकही चकती वाजू नये म्हणून बोटे चकत्यांवर ठेवून.

रात्रीचा वर्ग

महाप्रसादात आलू-वांग्याची भाजी आणि पोळी झाली. मग रात्र सुरू झाली. मोठ्या मंडपात कार्यक्रम चालू होताच, पण खरी गंमत राहुट्यांमध्ये आणि झाडांखाली होती. जिथे चार मंडळे शेजारी उतरली होती तिथे एक संपवायचे, दुसरे उचलायचे. "जयगुरू" म्हणून नमस्कार, पाण्याचा तांब्या, आणि "तुमचं होऊ द्या दादा, मग आमचं" असा आग्रह.

ऑक्टोबरातली रात्र, दव पडू लागलेले. कातडे ओलावले की खंजिरी बसते, आवाज भद्द येतो. म्हणून प्रत्येक मंडळाजवळ लहानशी शेकोटी होती आणि वाजवणारे आपली खंजिरी निखाऱ्यांवर गोल फिरवत होते. जास्त शेकली तर कातडे फाटायची भीती, कमी शेकली तर बोल उमटत नाही. आजोबा दोन वेळा फिरवून बोटाने टिचकी मारत, कानाजवळ धरत, पुन्हा फिरवत. पूर्वी खंजिरीला घोरपडीचे कातडे असायचे. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आणि ते योग्यच झाले. आता बकरीचे कातडे किंवा प्लॅस्टिकचा पडदा लावतात. प्लॅस्टिकला दव लागत नाही, शेकावे लागत नाही. पण कातड्याचा खालचा गंभीर बोल त्यातून निघत नाही, असे सगळे वाजवणारे एकमुखाने सांगतात.

मध्यरात्रीच्या सुमारास वर्ध्याचे मंडळ बसले. आमची माणसे आधीच पुढची जागा धरून होती. मुख्य गायक पन्नाशीचे, आवाज उंच पण चिरका नाही. पहिल्या ओळीला नुसती पेटी. दुसऱ्या ओळीला झांज. ध्रुपद आले तेव्हा चार खंजिऱ्या एकदम उठल्या आणि बसलेले लोक सरसावून बसले. मी गाणे ऐकत होतो. आजोबा मात्र एकाच ठिकाणी पाहत होते, पहिल्या खंजिरीवाल्याच्या डाव्या मनगटाकडे.

काय पाहत होते ते थोड्या वेळाने मलाही दिसू लागले. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात, कडेला मारले की कोरडा बोल, मध्यावर मारले की भरीव बोल. हे सगळ्यांनाच येते. पण या वादकाचे डावे मनगट आघाताच्या किंचित आधी वळत होते, त्यामुळे चकत्यांचा झणकार ठोक्याच्या पाठीमागून येत नव्हता, ठोक्याला बोलावून आणत होता. भजन पळते आहे असे वाटावे, पण लय मात्र जागची हलू नये, हे त्या एका वळणातून साधत होते. आणि गाडीतला तो वाद? ध्रुपदानंतर सगळी वाद्ये थांबत तेव्हा मनगट मात्र थांबत नव्हते. ते हवेतच एक मात्रा फिरून येत होते. मात्रा दोन होत्या. एक गप्प होती आणि एक नुसती हातात होती. मोबाइलवरच्या आवाजात ती सापडण्यासारखी नव्हतीच.

भजन संपल्यावर आजोबा उठून त्या वादकाकडे गेले. वयाने ते बरेच मोठे, पण वाकून "जयगुरू दादा" म्हणाले आणि थेट विचारले, "थे मनगट कसं फिरवता?" समोरच्याने क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. आपली खंजिरी आजोबांच्या हातात दिली, स्वतः त्यांच्या मागे बसला, त्यांच्या मनगटाला धरले आणि वळवून दाखवले. मग मुलाला बोलावले. मग आणखी दोन गावांचे वादक येऊन बसले. मंडपामागच्या दिव्याखाली, शेकोटीच्या कडेला, कोणाचीही फी न घेता, कोणालाही नाही न म्हणता, बराच वेळ तो वर्ग चालला. कोणते गाव आपल्यापुढे जाईल, हा विचार त्यात नव्हता. महाराजांच्या मंडळात विद्या लपवत नाहीत, एवढेच तो वादक म्हणाला आणि पुढचे भजन वाजवायला उठला.

सात खंजिऱ्यांचा माणूस

याच मातीतून खंजिरीचा सर्वांत लोकप्रिय कलावंत निघाला. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज चिंचोळकर एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात आणि त्यांच्या तालावर तासन्‌तास प्रबोधन करतात. दारू, हुंडा, अंधश्रद्धा, लग्नातला उधळा खर्च, उघड्यावरची घाण, हे त्यांचे विषय. भाषा ठेठ वऱ्हाडी. लोक हसतात आणि हसताहसता मान खाली घालतात. त्यांचा कार्यक्रम ठरला की आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसे येतात. २०१७ मध्ये मुंबईत कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यातून बरे होऊन ते पुन्हा खेड्यांत उभे राहिले आणि पुन्हा तेच बोलू लागले. त्यांच्याकडे पाहून विदर्भात कितीतरी तरुणांनी सप्तखंजिरी हाती घेतली.

मला त्यात जुनाच धागा दिसतो. खंजिरी कधी निव्वळ करमणूक नव्हती. ती माणसे जमवण्यासाठी होती, आणि जमलेल्या माणसांना काही सांगण्यासाठी.

दुःखाच्या घरी

यवतमाळ जिल्ह्यात जमलेल्या माणसांना असे काही सांगणे सोपे नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ती राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्यानंतरच्या वर्षांत या जिल्ह्याने किती घरांवर हा घाला पाहिला, ते वर्तमानपत्रांतून वाचकांना ठाऊक आहे. अशा घरी तेरवीच्या आदल्या रात्री गावचे भजनी मंडळ जाते. पैसे घेत नाही. ओसरीत सतरंजी अंथरली जाते, आणि ज्या घरात बारा दिवस कोणी मोठ्याने बोललेले नसते तिथे पहिल्यांदा आवाज उठतो.

परतीच्या वाटेवर गायकांनी मला अशा रात्रींविषयी सांगितले. तिथे चाली संथ ठेवतात, खंजिरी हळू वाजते. पण वाजवायचीच, असा त्यांचा आग्रह असतो. घरच्या माणसांना रडायला येते, मग म्हातारी माय ध्रुपद धरते, मग शेजारी धरतात. एका माणसाला गाव एकटे सोडत नाही, हे सांगायला भाषणापेक्षा ते एकत्र म्हटलेले ध्रुपद जास्त कामी येते. मोझरीला रात्र जागून शिकलेले मनगटाचे वळण शेवटी अशा ओसरीतही उपयोगी पडते. म्हणून हा प्रवास मला हौसेच्या पलीकडचा वाटतो.

गाडीत कोण बसणार?

चिंता आहेच. मंडळे म्हातारी होत आहेत. गणपती-देवीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्यापुढे एका कड्यातला आवाज कुठे ऐकू येणार? तरुण मुले कामासाठी पुण्याला, हैदराबादला जातात. चांगले कातडे मढवणारा कारागीर शोधावा लागतो. चाली तर सिनेमातल्याच उचलायच्या, अशी काही मंडळांना सवय लागली आहे.

पण आशेला जागाही तितकीच आहे. दिवाळीनंतर शेतातले काम सरत आले की विदर्भभर खंजिरी भजन स्पर्धा सुरू होतात. पुरुष, महिला आणि बाल असे गट असतात. परीक्षक स्वर, ताल, शब्दांचा स्पष्ट उच्चार आणि बसण्यातली शिस्त पाहतात. महिलांची मंडळे तर आता इतक्या तयारीने उतरतात की अनेक गावांत पुरुषांपेक्षा त्यांचाच सराव नियमित असतो. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया संध्याकाळी प्रार्थनेनंतर तासभर बसतात. आमच्या मागून आलेल्या गाडीतल्या महिला मंडळाने मोझरीला पहाटेपर्यंत भजन केले आणि त्यांच्याकडून एक चाल आमच्या पुरुष मंडळाने मागून घेतली.

या स्पर्धांना बक्षिसे असतात, मोठ्या ठिकाणी रोख रक्कम आणि ढालही. पण ज्यांना खंजिरी टिकावी असे वाटते त्यांनी बक्षिसाच्या रकमेपेक्षा प्रवासाचा विचार आधी करावा. लहान गावचे मंडळ स्पर्धेला येत नाही ते हरण्याच्या भीतीने नव्हे, डिझेलच्या खर्चाने. आयोजकांनी पहिल्या तीन क्रमांकांची रक्कम थोडी कमी करून आलेल्या प्रत्येक मंडळाला जाण्या-येण्याचा खर्च दिला, तर दूरची गावे एकमेकांसमोर बसतील. निकाल लागल्यावर घाईने मंडप मोडण्याऐवजी एक रात्र नुसती ऐकण्या-शिकण्यासाठी ठेवावी. ग्रामपंचायतींनी वाचनालयाला पुस्तके देतात तशा शाळेला चार खंजिऱ्या द्याव्यात. पेटी-तबल्याच्या खर्चात त्या सहज बसतात. आणि गावातल्या जुन्या वादकाला आठवड्यातून एक दिवस शाळेत बोलवावे. तो आनंदाने येईल. आमच्या आजोबांना कोणी अजून बोलावलेले नाही, पण ते वाट पाहत आहेत.

बाकी काम मंडळांचेच. परत येताना मुख्य गायकांनी गाडीतच ठरवून टाकले. पुढच्या खेपेला आपल्यापैकी दोन मोठ्यांनी एसटीने यायचे आणि पिकअपमध्ये सातवी-आठवीतली दोन पोरे बसवायची, त्यांच्या आईबापांना विचारून. तबलजींनी आपली जागा सोडायची तयारी लगेच दाखवली. दुसरी जागा कोणाची, यावर धामणगाव येईपर्यंत बोलणे चालू होते. आणि मुलांसाठी दोन नव्या खंजिऱ्या कोणत्या कारागिराकडून, बकरीच्या कातड्याने मढवून घ्यायच्या, तेही त्याच बोलण्यात पक्के झाले.